पुस्तक एक, मालक अनेक

मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असताना कूस कोसळली आणि इतर मजुरांबरोबर चोखोबाही तिच्याखाली गाडले गेले. परंपरा शके १२६०, म्हणजे इसवी सन १३३८ हे साल सांगते. चोखोबांचे अभंग कोणाच्या मालकीचे, असे कोणी विचारले तर वारकरी त्याला वेड्यात काढील. पण त्याच अभंगांची विसाव्या शतकात छापलेली गाथा घ्या. तिला प्रस्तावना आहे, पाठभेद आहेत, शेवटी शब्दार्थ आहेत. ती कपाटातून काढून ग्रंथपाल स्कॅनरवर ठेवायला निघाला, की हा वेडा प्रश्न विचारावाच लागतो.

मंगळवेढ्याचे नाव मुद्दाम घेतले आहे. बिज्जलाच्या दरबारी असलेले बसवेश्वर कल्याणला जाण्यापूर्वी इथे होते. टीकाचार्य जयतीर्थांचे हे गाव असे माध्व परंपरा मानते. दुष्काळात बादशाही कोठार रयतेला मोकळे करणारे दामाजीपंत इथले, कान्होपात्रा इथली. अशा गावातल्या वाचनालयाने ‘आपल्या गावचे’ म्हणून एक कपाट वेगळे काढले, तर त्यात काय काय जमेल? अभंगगाथा, वचनांचे संग्रह, संतांवरचे ग्रंथ, कान्होपात्रेवरची नाटके, जिल्ह्याची गॅझेटियरे, सांगली संस्थानचे छापील अहवाल (मंगळवेढा त्या संस्थानचा तालुका होता), जुने दिवाळी अंक आणि एखाद्या घरातून आलेली हस्तलिखित बाडे. यातली निम्मी पुस्तके आता बाजारात मिळत नाहीत आणि कागद तर हात लावताच तुटतो. ती स्कॅन करावीत हे सगळ्यांनाच पटते. पण ‘कॉपीराइटची भानगड नको’ म्हणून निम्मी वाचनालये काहीच करत नाहीत, आणि उरलेली भानगडीचा विचारच न करता सगळे स्कॅन करून इंटरनेटवर टाकतात. माझ्या मते दोघांचेही चुकते, आणि चूक एकाच ठिकाणी होते. ती पुस्तकाकडे एकच वस्तू म्हणून पाहतात. कायद्याच्या लेखी एका बांधणीत अनेकांची मालकी असू शकते, आणि ती पानागणिक बदलते.

आधी हिशोब. भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ सालचा. तो २१ जानेवारी १९५८ पासून लागू झाला. लेखकाच्या हयातीत छापलेल्या पुस्तकावरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, आणि ही ६० वर्षे मृत्यूच्या पुढच्या जानेवारीपासून मोजतात. म्हणून सोपी युक्ती अशी की मृत्यूच्या सालात ६१ मिळवायचे. जे साल येईल त्याच्या १ जानेवारीला मजकूर मोकळा. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून २०११ पासून ‘श्यामची आई’ कोणीही छापू शकतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हयातीत छापलेले ग्रंथ २०१७ला मोकळे झाले. सावरकरांसाठी हे साल २०२७ येते. पुस्तक कधी छापले हे या बेरजेत कुठेच येत नाही, आणि वाचनालयात नेमकी तीच गफलत होते. ‘शंभर वर्षांपूर्वीचे आहे, आता कसला कॉपीराइट’ हे वाक्य ऐकायला ठीक आहे; पण विशीत पहिले पुस्तक लिहून नव्वदीपर्यंत जगलेला लेखक ते खोटे पाडतो. १९३१ साली गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलेले ना. वि. कुलकर्ण्यांचे ‘संत कान्होपात्रा’ या कपाटात हवेच. त्याच्या बाबतीत ग्रंथपालाने १९३१ हा आकडा बाजूला ठेवून नाटककाराच्या निधनाचे साल शोधायचे.

मुळात ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ साली वारले. त्यांच्या साहित्यावरचे विश्वभारतीचे हक्क १९९१च्या अखेरीस संपणार होते. त्याच डिसेंबरात वटहुकूम निघाला आणि मुदत सर्वांसाठीच दहा वर्षांनी वाढली. त्याआधी जे मोकळे झाले होते, ते मात्र पुन्हा कोंडले गेले नाही. ज्ञानकोशकार केतकर १९३७ साली गेले, म्हणून त्यांचे लेखन जुन्या हिशोबाने १९८८लाच सर्वांचे झाले.

आता मंगळवेढ्याचे कपाट उघडू. बसवेश्वरांची वचने बाराव्या शतकातली. ती ताडपत्रांवरून आणि हस्तलिखितांवरून गोळा करून विजापूरच्या फ. गु. हळकट्टींनी १९२३ साली ‘वचनशास्त्रसार’ छापले. वचने कोणाचीच नव्हती. पण निवड, क्रम, विवेचन हळकट्टींचे होते. ते १९६४ साली वारले. १९६४ अधिक ६१ म्हणजे २०२५. त्या वर्षीपासून त्यांचे कामही मोकळे झाले. सीमेवरच्या या तालुक्यात कन्नड वाचणारी घरे आहेत, त्यांच्या दृष्टीने ही बातमी लहान नाही. गुरुदेव रा. द. रानड्यांचा महाराष्ट्रातल्या संतांच्या साक्षात्कारावरचा इंग्रजी ग्रंथ १९३३चा. त्यात चोखोबा आणि कान्होपात्रा दोघेही आहेत. निंबाळला रानड्यांचे निधन झाले ते १९५७ साली, म्हणजे इंग्रजी ग्रंथ २०१८ पासून मोकळा. पण अशा ग्रंथाचा कोणी मराठी अनुवाद केला असेल, तर अनुवादाचा हक्क अनुवादकाचा आणि त्याची ६० वर्षे त्याच्या स्वतःच्या मृत्यूपासून. मूळ मोकळे झाले म्हणून अनुवाद मोकळा होत नाही.

एकाच बांधणीत दोन काळ कसे राहतात, याचा नमुना म्हणून ‘महाराष्ट्र सारस्वत’ पाहावे. वि. ल. भावे १९२६ साली वारले. त्यांचा मजकूर कधीच सर्वांचा झाला. पण आपल्याकडच्या वाचनालयांत दिसते ती बहुधा शं. गो. तुळपुळे यांच्या पुरवणीसह असलेली आवृत्ती. तुळपुळे गेले १९९४ साली. म्हणजे त्याच पुठ्ठ्यांमधला पुढचा भाग मोकळा आणि मागची पुरवणी २०५४ संपेपर्यंत राखीव.

बहिणाबाईंच्या गाण्यांचे उदाहरण तर याहून गमतीचे आहे. बहिणाबाई डिसेंबर १९५१मध्ये गेल्या आणि गाणी पुस्तकरूपाने आली १९५२ साली. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथम छापलेल्या लेखनाची ६० वर्षे मृत्यूपासून न मोजता प्रकाशनापासून मोजतात. १९५२ अधिक ६१, म्हणजे गाणी २०१३ला मोकळी झाली. त्यांना प्रस्तावना आचार्य अत्र्यांची, आणि अत्रे गेले १९६९ साली. त्यामुळे गाणी आज कोणीही स्कॅन करून कुठेही ठेवावीत, पण त्यांच्या आधीची अत्र्यांची पाने २०३०च्या १ जानेवारीपर्यंत वगळावी लागतात. मुखपृष्ठाचेही तसेच. दीनानाथ दलालांनी काढलेले चित्र असेल तर तो स्वतंत्र कलाकृतीचा हक्क आहे. दलाल १९७१ साली गेले, म्हणजे चित्र २०३१ संपेपर्यंत राखीव. दिवाळी अंकात तर असे वीस-पंचवीस लेखक, दोन-चार चित्रकार आणि एक व्यंगचित्रकार एकत्र नांदतात. जुने दिवाळी अंक सरसकट इंटरनेटवर चढवणाऱ्या उत्साही मंडळींचे मला कौतुक वाटते आणि काळजीही.

जुन्या धार्मिक ग्रंथांच्या संपादनावर मुंबई उच्च न्यायालयात १८८९ सालीच वाद झाला होता. ‘व्रतराज’ या व्रतवैकल्यांच्या जुन्या संस्कृत ग्रंथाची एक आवृत्ती गंगाविष्णु श्रीकिसनदास यांनी पंडित बसवून, मजकूर सुधारून, टिपांसह छापली. मोरेश्वर बापूजी हेगिष्टे यांनी तीच जवळजवळ उचलली. ग्रंथ जुना, तेव्हा तो सर्वांचा, हा बचाव चालला नाही. जुन्या मजकुराकडे कोणीही स्वतंत्रपणे जावे, आपली हस्तलिखिते जमवावीत, आपली आवृत्ती काढावी. मात्र दुसऱ्याच्या श्रमावर डल्ला मारू नये, असा निकालाचा रोख होता. पुढे न्यायालये या बाबतीत थोडी कडक झाली. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७मध्ये सांगितले की नुसती मेहनत पुरत नाही, किमान सर्जक बुद्धीचा अंश दिसला पाहिजे. मोकळ्या गाथेचे फक्त पुनर्मुद्रण करून कोणी ‘सर्व हक्क सुरक्षित’ असे छापले, तर त्या ओळीला घाबरायचे कारण नाही. अक्षरजुळणीवर किंवा पानाच्या मांडणीवर वेगळा हक्क इंग्लंडात असतो, आपल्या कायद्यात नाही.

मोकळे काय ते झाले. जे मोकळे नाही, त्याचे वाचनालयाने काय करायचे? वाचनालयाच्या उपयोगाची कलमे ५२व्या कलमाच्या पोटात लपलेली आहेत, आणि ती ग्रंथपालांना वाटतात त्यापेक्षा बरीच उदार आहेत. २०१२च्या दुरुस्तीने आलेले एक पोटकलम सांगते की ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या ग्रंथाची कागदी प्रत आधीपासून असेल, तर जतनासाठी ते तिची इलेक्ट्रॉनिक प्रत साठवू शकते. परवानगी नको, मानधन नको, लेखक हयात असला तरी चालेल. अट एवढीच की प्रत आपली हवी. पंढरपूरच्या वाचनालयातून आठवड्यासाठी आणलेले पुस्तक यात बसत नाही. म्हणून माझा एक व्यवहारी आग्रह आहे: जीर्ण पुस्तकांचे निर्लेखन करण्यापूर्वी ती स्कॅन करावीत आणि दाखल नोंदवहीतली नोंद जपून ठेवावी. एकदा पुस्तक रद्दीत गेले की ‘आमच्याकडे कागदी प्रत होती’ हे दाखवायला ती नोंदच उरते.

दुसरी सवलत त्याहून जुनी आहे. भारतात विक्रीला उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या जास्तीत जास्त तीन प्रती, ग्रंथालयाच्या वापरासाठी, ग्रंथालयप्रमुखाच्या देखरेखीखाली करता येतात. म्हणजे मूळ पुस्तक स्थळप्रत म्हणून कुलपात ठेवावे आणि झेरॉक्स काढून बांधलेली प्रत वाचकाच्या हाती द्यावी, हे राजरोस चालते. ‘विक्रीला उपलब्ध नाही’ याचा अर्थ प्रकाशकाकडे संपले एवढाच, की अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकवाल्याकडेही मिळता कामा नये, हे कायद्याने सांगितलेले नाही. प्रकाशकाला ईमेल करून ‘प्रत शिल्लक नाही’ असे उत्तर मिळवून फाइलला लावणे हा शहाणपणाचा मार्ग. ‘ना-नफा सार्वजनिक ग्रंथालय’ म्हणजे नेमके काय, याचीही व्याख्या कायद्यात नाही. १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता आणि अनुदान घेणारे अ, ब, क, ड वर्गातले वाचनालय त्यात बसेल यात मला शंका वाटत नाही. महाविद्यालयाच्या ग्रंथालयाविषयी मात्र मी इतक्या छातीठोकपणे बोलणार नाही.

तिसरी सवलत बाडांसाठी. लोकांना खुल्या असलेल्या ग्रंथालयात किंवा संग्रहालयात ठेवलेले अप्रकाशित लेखन अभ्यासासाठी, किंवा छापायच्या हेतूनेही, उतरवून घेता येते. लेखक कोण हे ग्रंथालयाला माहीत असेल तर त्याच्या मृत्यूला ६० वर्षे उलटलेली हवीत. फडावरच्या कोण्या अनाम वारकऱ्याने उतरवलेली गाथा किंवा मोडीतले टिपण यात सहज येते. पणजोबांचे बाड ज्या घराने दिले, त्या घराचे मन राखणे हा सौजन्याचा भाग. कागदाची मालकी आणि मजकुराचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि देणगी देताना माणसे बहुधा पहिलीच देतात.

सांगली संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याआधीच्या त्याच्या प्रशासकीय अहवालांना प्रकाशनानंतरची ६० वर्षे लावली तरी ते केव्हाच मोकळे आहेत. सोलापूर जिल्ह्याचे १८८४चे इंग्रजी गॅझेटियरही तसेच. पण महाराष्ट्र सरकारने काढलेली १९७७ची सुधारित आवृत्ती सरकारी ग्रंथ म्हणून २०३७ संपेपर्यंत राखीव आहे. ती सरकारच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येते. फुकट मिळणे आणि मोकळे असणे यांत फरक आहे.

आता कुंपण कुठे लागते ते. जतनासाठी साठवलेली पीडीएफ सभासदांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणे, टेलिग्रामवर चढवणे, संकेतस्थळावर ठेवणे यातले काहीही त्या पोटकलमात नाही. ते साठवण्यापाशी थांबते; वाचनालयातल्या संगणकावर ती कोणाला दाखवावी की नाही यावरही काही बोलत नाही. उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. व्यापारी फायद्यासाठी केलेले नसेल, तर न्यायालय कारणे नोंदवून शिक्षा कमी करू शकते. वाचनालयाच्या कार्यकारिणीने त्या ‘शकते’वर भिस्त ठेवू नये.

हे कुंपण बाहेरच्या जगातही वादाचे झाले आहे. गूगलने ग्रंथालयांतली लाखो पुस्तके स्कॅन करून त्यांत शोध घेण्याची सोय केली आणि शोधणाऱ्याला दोन-तीन ओळींचा तुकडा दाखवला. अमेरिकी अपील न्यायालयाने २०१५ साली ते रास्त ठरवले. इंटरनेट आर्काइव्ह मात्र पूर्ण पुस्तक उसने देत होते. हाती एक कागदी प्रत, तर एका वेळी एकालाच डिजिटल उसनवार, असे त्यांचे तत्त्व होते. करोनाच्या काळात त्यांनी ही मर्यादाही काही आठवडे उठवली. प्रकाशक न्यायालयात गेले आणि सप्टेंबर २०२४मध्ये अपिलातही आर्काइव्ह हरले. आपल्याकडे डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या सरकारी प्रकल्पात देशभरच्या ग्रंथालयांतली लाखो पुस्तके स्कॅन झाली. त्यांत राखीव पुस्तकेही भरपूर होती. पुढे ते संकेतस्थळ बंद झाले, पण त्या प्रती आर्काइव्हवर पोहोचल्या होत्या. आज जुने मराठी पुस्तक तिथे उघडले की कितीदा तरी पहिल्याच पानावर ‘मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाणे’ आणि ‘स्थळप्रत’ असा शिक्का भेटतो. १८९३ साली ते ग्रंथसंग्रहालय उभे करणारे वि. ल. भावे म्हणजे वर आलेले ‘सारस्वत’कारच. त्या स्कॅनांवर मराठीचे किती संशोधन उभे आहे हे मी जाणतो. तरी ते ज्या सैलपणाने झाले, तो आदर्श म्हणून दाखवावा असे मला वाटत नाही.

झेरॉक्सविषयी एक गैरसमज फार मुरलेला आहे: पुस्तकाची दहा टक्के पाने चालतात. भारतीय कायद्यात असा टक्का नाही. खासगी अभ्यास आणि संशोधन यांसाठी रास्त वापर, एवढेच शब्द आहेत. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसवर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी २०१२ साली दावा लावला, कारण तिथे अनेक पुस्तकांतली प्रकरणे एकत्र बांधून विद्यार्थ्यांना मिळत. २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने हा दावा फेटाळला; अपिलात खंडपीठाने तो काही मुद्द्यांपुरता पुन्हा सुनावणीला पाठवला, पण मनाईहुकूम दिला नाही. शिकवण्याच्या कामासाठी जेवढे लागते तेवढे घेता येते, पानांची संख्या हा निकष नव्हे, असे खंडपीठाचे म्हणणे होते. पुढच्या वर्षी प्रकाशकांनी माघार घेतली. मंगळवेढ्यातल्या पदवीच्या विद्यार्थिनीने वाचनालयातल्या ग्रंथाचे एक प्रकरण अभ्यासासाठी झेरॉक्स करून नेले, तर ग्रंथपालाने तिच्यावर डोळे वटारायचे कारण नाही. अख्खी कादंबरी झेरॉक्स करणाऱ्याला मात्र विचारावे.

मग राहतात ती राखीव पण बेवारस पुस्तके. लेखक गेला, प्रकाशन बंद पडले, वारस पुण्यात की परदेशात ठाऊक नाही. कायद्याने वाट ठेवली आहे. कलम ३१-अ खाली परवान्यासाठी अर्ज करता येतो. त्याआधी देशाच्या मोठ्या भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात प्रस्तावाची जाहिरात द्यावी लागते. साठ पानांच्या स्थानिक पुस्तिकेसाठी तालुक्याच्या वाचनालयाने राष्ट्रीय दैनिकात जाहिरात द्यायची, ही कल्पना ज्याने मांडली त्याने तालुक्याच्या वाचनालयाचा ताळेबंद पाहिलेला नसावा. त्यापेक्षा हयात लेखकांकडून आजच लेखी संमती घेणे स्वस्त. २०१२ पासून परवान्यावर सहीचीही सक्ती नाही. लेखी असले म्हणजे झाले. प्रकाशकाचीही संमती पाहावी, पण १९९४च्या दुरुस्तीनंतरच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर हक्काचे हस्तांतर कायद्याने पाचच वर्षांचे धरतात, त्यामुळे पुष्कळदा हक्क लेखकाकडे परत आलेला असतो आणि त्याला ते ठाऊक नसते.

या सगळ्यात एक दार मात्र सताड उघडे आहे आणि फार थोडी वाचनालये त्यातून आत जातात. दृष्टिहीन किंवा अन्य अपंगत्वामुळे छापील पुस्तक वाचू न शकणाऱ्या वाचकासाठी कोणतेही पुस्तक, राखीव असले तरी, ब्रेल, ध्वनिमुद्रण किंवा संगणकाला वाचता येईल अशा रूपात करून देता येते. ही सवलतही २०१२चीच. अशा वाचकांसाठी झालेला माराकेश करार जगात सर्वांत आधी भारताने मंजूर केला, २०१४ साली. अटी दोन आहेत. निर्मितीच्या खर्चापलीकडे पैसे घ्यायचे नाहीत, आणि ती प्रत बाजारात किंवा इतरांच्या हाती जाणार नाही याची काळजी घ्यायची. ज्या कादंबरीची पीडीएफ सभासदांच्या गटावर टाकता येत नाही, तीच कादंबरी गावातल्या एखाद्या अंध शिक्षकाला पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत आवाजात वाचून, ध्वनिमुद्रित करून देता येते, आणि त्यासाठी लेखकाला किंवा प्रकाशकाला विचारावे लागत नाही.